लहान मुलाची रक्त तपासणी : चिठ्ठी हातात पडल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत

पावसाळा लागला की लॅबच्या बाकांवर तापाने मलूल झालेली पोरं दिसू लागतात. तीन दिवस झाले तरी ताप उतरत नाही, डॉक्टर सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि डेंग्यू लिहून देतात आणि आईबाबांच्या पोटात गोळा येतो. रिपोर्टची काळजी नंतरची. आधी ‘हा हात तरी देईल का?’ ही काळजी. मी लॅब टेक्निशियन आहे आणि माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांत लहान मुलं बरीच असतात. पहिल्यांदाच मुलाला घेऊन येणाऱ्यांना काय माहीत असलं तर बरं, ते इथे क्रमाने लिहिते.

मुळात एक ध्यानात घ्या. मूल रडलं तर आमचं काही अडत नाही. भोकाड पसरलेल्या मुलाचं रक्तही एका सुईत निघतं. अडतं ते हात हलल्यावर. म्हणून ‘रडायचं नाही हं’ असं बजावून आणण्यात काही हशील नाही. ‘रडलास तरी चालेल, फक्त हाताला स्टॅच्यू’ हे सांगा. स्टॅच्यूचा खेळ प्रत्येक पोराला येतो. खाली जे काही सांगणार आहे, ते या स्टॅच्यूसाठीच.

चिठ्ठी हातात आली की

दवाखान्यातून निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या: उपाशीपोटी द्यायचं आहे का? आजच द्यायचं, की दोन दिवसांनी चालेल? आणि याच सुईत आणखी काही तपासून घ्यायचं आहे का?

उपाशीपोटी या शब्दाने घरोघरी विनाकारण गोंधळ होतो. सीबीसी, सीआरपी (अंगातली सूज-संसर्ग दाखवणारी तपासणी), डेंग्यू, थायरॉइड, व्हिटॅमिन डी यांतलं काहीच सहसा उपाशीपोटी लागत नाही. लागतं ते फास्टिंग शुगर आणि कोलेस्टेरॉल–ट्रायग्लिसराइड्ससारख्या तपासण्यांना. तरी रक्त म्हटलं की ‘सकाळपासून पाणीही दिलं नाही’ असं सांगत आई उभी असते, आणि ते लेकरू भुकेने आधीच चिडलेलं असतं. उपाशी ठेवायचंच असेल तर किती तास, ते मुलाच्या वयानुसार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. मोठ्यांचे दहा-बारा तास दोन वर्षांच्या मुलाला लावू नका. पाणी मात्र उपाशीपोटीच्या तपासणीलाही चालतं, आणि पाजायलाच हवं. पोटात पाणी असलं की शिरा भरलेल्या राहतात आणि सापडतात. मुलाला मधुमेह असून इन्शुलिन चालू असेल, तर उपाशी ठेवायचं की नाही आणि सकाळच्या डोसचं काय, हे विचारल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

आजच की नंतर, याचं उत्तर तपासणीवर अवलंबून असतं. डेंग्यूची एनएस१ ही तपासणी ताप आल्यापासून पहिल्या पाचेक दिवसांतच भरवशाची. त्यानंतर आयजीएम ही डेंग्यूचीच दुसरी तपासणी बघावी लागते. त्यामुळे ‘आज रडतोय, रविवारी नेऊ’ इथे चालत नाही. उलट नेहमीची थायरॉइडची तपासणी असेल आणि मूल सर्दीने बेजार असेल, तर चार दिवस थांबल्याने आभाळ कोसळत नाही.

आणि एका सुईत सगळं. महिन्याभराने शाळेसाठी रक्तगट लागणार आहे, हे आत्ताच सांगितलंत तर तोही होऊन जातो. पण हे डॉक्टरांशी बोलूनच करा. उदाहरणार्थ, अंगातलं लोह पाहायची फेरिटिन ही तपासणी तापात केली तर आकडा फुगून येतो आणि लोह कमी असूनही ठीक दिसतं. ती ताप गेल्यावरच बरी.

घरातल्या आजीचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘एवढं रक्त काढणार? आधीच काडी झालाय.’ आजींना हिशेब सांगा. लहान मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ७५ ते ८० मिली रक्त असतं. बारा किलोच्या मुलात ते ९०० मिलीच्या वर जातं. सीबीसीला एक ते दोन मिली पुरतं. सोबत बाकीच्या दोन-तीन तपासण्या धरल्या तरी तीन-चार मिली, म्हणजे चहाच्या चमचाभराच्या आत. अर्धा टक्काही नाही. अगदी तान्ह्या किंवा कमी वजनाच्या बाळाचं रक्त वारंवार काढावं लागत असेल, तर मात्र वजनाचा हिशेब खरोखरच ठेवावा लागतो, आणि डॉक्टर तो ठेवतात.

लॅब ठरवताना

मोठ्यांचं रक्त कुणीही शिकलेला माणूस काढतो. मुलांसाठी सवयीचा हात लागतो. म्हणून आधी फोन करा आणि सरळ विचारा: ‘आमचा मुलगा तीन वर्षांचा आहे. लहान मुलांचं रक्त तुमच्याकडे कोण काढतं? ते किती वाजता असतात?’ चांगल्या लॅबमध्ये या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही, उलट नाव आणि वेळ सांगतात. ‘या कधीही, कुणीतरी काढेल’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा. बारीक बटरफ्लाय सुई, जिला आमच्यात स्काल्प व्हेन म्हणतात, आणि कमी रक्त लागणाऱ्या छोट्या ट्यूब आहेत का, हेही विचारायला हरकत नाही.

सकाळी सात ते नऊ उपाशीपोटीवाल्यांची गर्दी असते. तुमच्या तपासणीला उपाशी राहायची गरज नसेल तर अकराच्या सुमाराला या. मूल खाऊन आलेलं असतं, आम्हालाही घाई नसते, आणि समोरच्या खुर्चीत दुसरं पोर किंचाळत नसतं. हा शेवटचा मुद्दा हलका समजू नका. नंबर येईपर्यंत दोन मुलांचं रडणं ऐकलेलं मूल आत येतानाच दाराला धरून बसतं.

हल्ली घरी येऊन रक्त नेतात. मूल आपल्या घरात असतं हा फायदा खराच, पण येणारा दादा बहुतेक एकटा असतो, त्याला पुढे दहा घरं करायची असतात आणि शीर नाही मिळाली तर मदतीला दुसरा हात नसतो. अंगाने गुटगुटीत आणि वयाने दोनच्या आतल्या मुलाच्या शिरा चरबीखाली लपलेल्या असतात; अशा बाळाला लॅबमध्ये किंवा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातच आणलेलं बरं, असं माझं मत. घरीच बोलावलंत तर मुलाच्या झोपायच्या पलंगावर टोचू देऊ नका. बाहेरच्या खोलीत, खुर्चीत, उजेडात. नाहीतर पुढचे आठ दिवस ते पलंगावर जायला नको म्हणेल.

सरकारी दवाखान्यात नेत असाल तरी हेच सगळं लागू. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर आणि ग्रामीण रुग्णालयांत घेतलेले नमुने महालॅब या सरकारी सेवेच्या लॅबकडे जातात आणि तपासणी मोफत होते. तिथल्या लसीकरणाच्या सिस्टरांनी वर्षानुवर्षं बाळं हाताळलेली असतात. त्या मोकळ्या असतील तर ‘सिस्टर, तुम्हीच काढाल का?’ असं जरूर विचारा.

मलमाबद्दल

लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असलेलं, त्वचा बधिर करणारं मलम औषधांच्या दुकानात मिळतं. डॉक्टरांनी लिहून दिलं तर ते सुईच्या जागी जाडसर थापायचं, चोळायचं नाही, वर पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि किमान तासभर ठेवायचं. दहा मिनिटं आधी लावून उपयोग शून्य. आमच्याकडे येणाऱ्यांची गंमत अशी की मलम लावतात एका हाताला आणि शीर मिळते दुसऱ्या हाताला. म्हणून दोन्ही कोपरांच्या आतल्या घडीत लावा. तळहाताच्या मागेही लावायचं का, ते डॉक्टरांना विचारा. लावलेली त्वचा थोडी पांढरी पडते, त्याने घाबरू नका. पण तान्ह्या बाळाला, जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलाला किंवा काही ठरावीक औषधं चालू असताना ते धोक्याचं ठरू शकतं. त्यामुळे शेजारच्यांनी सांगितलं म्हणून परस्पर आणू नका. मूल पट्टी चाटत नाही ना, तेही बघा.

आधी पॅरासिटामॉल पाजून सुईचं दुखणं कमी होत नाही. तापासाठी द्यायचं तर द्या, सुईसाठी नको.

मुलाला काय सांगायचं आणि कधी

इथे सगळ्यात जास्त चुकतं, आणि चुकतं ते मायेपोटी.

‘आपण बागेत चाललोय’ म्हणून आणलेलं मूल मला दारातच ओळखू येतं. त्याला स्पिरिटचा वास येतो, भिंतीवरचं चित्र दिसतं, आणि ते आईकडे असं बघतं की बस. सुईचं दुखणं पाच मिनिटांत विसरलं जातं. आईने फसवलं हे पुढच्या वेळी दवाखान्याचं नाव काढलं की आठवतं. तसंच ‘काही दुखत नाही’ हेही खोटंच. दुखतं. थोडं दुखतं आणि थोडाच वेळ दुखतं, हे खरं आहे आणि सांगायला सोपंही आहे.

‘मुंगी चावल्यासारखं’ हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. ज्या मुलाला खरोखर लाल मुंगी चावली आहे, त्याला याने धीर येत नाही. ‘टुच्च होईल, मग थोडं ओढल्यासारखं वाटेल, मग झालं’ एवढं पुरे.

आणि घरातल्या मोठ्यांना हात जोडून सांगते, ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ ही धमकी आजपासून बंद करा. वर्षभर ज्या सुईचा बागुलबुवा केला, तिच्यापुढे एका सकाळी हात करायला सांगायचं म्हणजे मुलाने काय समजायचं? त्याने काय गुन्हा केलाय ते शोधत ते बसतं. चार-पाच वर्षांची मुलं खरंच विचारतात, ‘मी काय केलं?’ म्हणून सांगताना हे वाक्य विसरू नका: ‘तू काही चूक केली नाहीस. ताप कशाने येतोय ते रक्तात दिसतं, म्हणून बघायचंय.’

कधी सांगायचं ते वयावर. दोनच्या आतल्या मुलाला शब्दांपेक्षा तुमचा आवाज आणि कडेवरची जागा पुरते. दोन ते चारच्या मुलाला त्याच दिवशी, निघायच्या थोडं आधी सांगा. आदल्या रात्री सांगितलं तर रात्रभर तेच. पाच ते सातची मुलं आदल्या दिवशी संध्याकाळी ऐकून घेतात, कारण त्यांना प्रश्न असतात: किती मोठी सुई? रक्त परत येईल का? सगळं संपलं तर? त्यांना सांगा की अंगात नवं रक्त रोज तयार होत असतं. त्याहून मोठ्यांना ठरलं त्याच दिवशी सांगून टाका. दहा-बारा वर्षांच्या मुलीपासून लपवलेली गोष्ट तिला मोबाइलवरच्या मेसेजमधून कळणं वाईट.

तीन ते सहाच्या मुलांसाठी घरी एकदा खेळून बघा. बाहुलीच्या दंडाला केसांचा रबर लावायचा, ओल्या कापसाने पुसायचं, पेनाचं टोपण टेकवायचं, बोळा दाबायचा, वर पट्टी. आधी तुम्ही टेक्निशियन व्हा, मग मुलाला होऊ द्या. ते बाहुलीला काय सांगतं ते कान देऊन ऐका. माझ्याकडे आलेली एक चिमुरडी बाहुलीला म्हणत होती, ‘सगळं रक्त नाही घेणार, तुला ठेवणार.’ तिची भीती सुईची नव्हतीच, ती रक्त संपण्याची होती. आईला तोवर पत्ताही नव्हता. मी तिला छोटी ट्यूब हातात देऊन दाखवलं, ‘एवढंच, या रेघेपर्यंत.’ मग हात पुढे आला.

मुलाला निवड द्या, पण खरी. ‘सुई टोचू का?’ असं विचारायचं नाही, कारण ‘नको’ म्हटल्यावर तुम्ही थांबणार नाही आहात. ‘उजवा हात की डावा? बघणार की डोळे मिटणार? आईच्या मांडीवर की बाबांच्या?’ हे विचारा. आणि उत्तर आलं की पाळा.

निघताना

अर्ध्या बाहीचा किंवा सैल बाहीचा सदरा घाला. घट्ट स्वेटर दंडावर गोळा करून रक्त काढणं म्हणजे आमची परीक्षा. थंडीच्या दिवसांत वरून शाल असू द्या, हात गार पडला की शिरा आत जातात. निघण्याआधी कोमट पाण्याने हात धुतले तरी फरक पडतो. पाणी, आधी शू, आवडतं खेळणं, आणि झाल्यावर खायला काहीतरी. डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू औषधांची नावं सोबत हवीत.

या गोष्टी लॅबमध्ये न विचारता सांगा: जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही, घरात हिमोफिलिया आहे, चिकटपट्टीने किंवा हातमोज्यांच्या रबराने अंगावर पुरळ येतं, आधी कधी सुई पाहून चक्कर आली होती. काही एक-दोन वर्षांची मुलं रडता रडता श्वास धरतात, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्ध हरपते. तुमचं मूल असं करत असेल तर आधी कळू द्या, म्हणजे आमची धावपळ होत नाही. हा प्रकार डॉक्टरांच्याही कानावर घाला, कारण लोह कमी असलेल्या मुलांत तो जास्त दिसतो.

खुर्चीत बसल्यावर

मुलाला आडवं पाडून चौघांनी हातपाय धरायचे, ही पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ती नको म्हणा. आडवं पाडल्यावर मूल सुईपेक्षा त्या पकडीलाच घाबरतं आणि दुप्पट जोर लावतं. मांडीवर उभट बसवून मिठी मारायची. लहान मूल असेल तर ते तुमच्याकडे तोंड करून, दोन पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना. त्याचा एक हात तुमच्या बगलेखालून मागे, दुसरा बाजूने बाहेर टेबलावर. तुमचा एक हात त्याच्या पाठीवर, दुसऱ्याने बाहेरच्या हाताचा दंड कोपराच्या वर धरायचा. मनगट आमचा मदतनीस धरेल. चार-पाच वर्षांच्या मुलाला पाठ तुमच्या छातीला टेकवून बसवा आणि त्याचे पाय तुमच्या गुडघ्यांत धरा. ही मिठीच दिसते, पकड वाटत नाही, आणि हात हलत नाही.

पुढे काय होतं ते असं. दंडाला रबरी पट्टा. तो मिनिटभराहून फार जास्त ठेवायचा नसतो, म्हणून शीर आधी बोटाने चाचपून ठेवतात. मग स्पिरिटचा कापूस. गार लागतो, आणि कित्येक मुलं इथेच दचकतात, म्हणून ‘आता गार लागेल’ असं आधी सांगा. स्पिरिट वाळू द्यायचं. ओल्यावर टोचलं की चुरचुरतं. तुमच्या समोर कुणी पुसलं आणि लगेच टोचायला निघालं तर ‘वाळू देता का जरा?’ म्हणायला संकोच करू नका. मग सुई, काही सेकंद रक्त, पट्टा सैल, बोळा, सुई बाहेर. हात हलला नाही तर पट्ट्यापासून बोळ्यापर्यंत दोन मिनिटंही लागत नाहीत.

या दोन मिनिटांत तुम्ही काय करायचं? फुंकर. भिरभिरं आणा, साबणाच्या फुग्यांची डबी आणा, काहीच नसेल तर ‘माझ्या बोटावरची मेणबत्ती विझव’ म्हणा. श्वास लांब सोडताना अंग ताठ राहत नाही, आणि लक्ष तोंडाकडे जातं. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांना एकदा खोकायला लावा, मग ‘दुसऱ्या खोकल्याला सुई’ असं ठरवून. ही युक्ती चांगली चालते. मोबाइलही चालतो, त्यात कमीपणा नाही. पण व्हिडिओ आधीच लावून ठेवा. ऐन वेळी जाहिरात सुरू झाली की सगळं मुसळ केरात.

‘झालं झालं झालं’ असं सुई आत जायच्या आधीपासून म्हणू नका. ‘काही नाही, काही नाही’ हेही नको. त्याच्या दृष्टीने बरंच काही चाललेलं असतं. ‘सॉरी बाळा, सॉरी’ म्हणत आई स्वतःच रडायला लागली की मुलाला वाटतं, खरंच काहीतरी भयंकर होतंय. ज्याला रक्त बघवत नाही त्याने बाहेर थांबावं, यात लाज कसली? बाबा चक्कर येऊन पडले की आम्हाला दोन पेशंट होतात. जो शांत राहू शकतो, तो मांडी देईल. मग ती आई असो, मामा असो की शेजारची ताई. आणि बोलणारं माणूस एकच ठेवा. आई, आजी आणि टेक्निशियन असे तिघं एकदम सूचना देऊ लागले की मूल कुणाचंच ऐकत नाही.

शीर पहिल्या वेळी नाही मिळाली तर? होतं असं, विशेषतः तापात पाणी कमी पडलेल्या मुलात. एकाच माणसाने दोनदा प्रयत्न केला आणि नाही जमलं, तर तिसऱ्यांदा टोचू देऊ नका. दुसऱ्या कुणाला बोलवा म्हणा, किंवा थोडं थांबा, पाणी पाजा, हात शेकून पुन्हा बघा. यात कुणाचा अपमान नाही. आमच्या कामात ‘माझ्याकडून नाही होत, तू बघ’ म्हणणारा माणूसच मला चांगला टेक्निशियन वाटतो.

‘बोटातूनच घ्या ना, शिरेतून नको,’ असं पुष्कळ पालक सुचवतात. बोट टोचणं दिसायला छोटं, पण बोटाच्या टोकाला संवेदना जास्त, आणि मिलीभर रक्तासाठी ते पिळत बसावं लागतं. पिळलेल्या रक्तात गुठळी होते, पेशी फुटतात, आणि मग ‘सॅम्पल परत द्या’ असा फोन येतो. हिमोग्लोबिन किंवा साखर एका थेंबावर बघायची असेल तर बोट ठीक. बाकी शिरेतून.

तान्ही बाळं आणि वयात आलेली मुलं

जन्मानंतर काही दिवसांत थायरॉइड वगैरेची तपासणी असते, तिला टाचेच्या कडेला टोचून थेंब घेतात. टाच आधी कोमट फडक्याने शेकली तर रक्त लवकर येतं. तान्ह्या बाळासाठी सगळ्यात मोठं औषध आईजवळच असतं: टोचण्याच्या आधीपासून अंगावर पाजत ठेवा, टोचताना आणि नंतरही. काही रुग्णालयांत साखरेच्या पाण्याचे थेंब जिभेवर देतात, त्यानेही बाळाचं दुखणं कमी होतं. पण ते तिथल्या सिस्टरांनी मोजून द्यायचं. आपल्याकडे मध चाटवायची रीत आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून बॉट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो.

बारा-पंधरा वर्षांची मुलं ‘मला काही होत नाही’ म्हणत येतात आणि हीच चक्कर येऊन पडतात. त्यांना विचारून आडवं झोपवा, उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसवा. सुई बघून अंधारी येणाऱ्यांना आधी मांड्या आणि पोटऱ्या आवळून धरायला, मग सैल सोडायला सांगा; रक्तदाब पडत नाही. या वयात आईबाबांनी आत यायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्या. मुलीला बाई टेक्निशियन हवी असेल तर फोन करतानाच सांगा.

सुई निघाल्यावर

बोळा दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरा. चोळू नका. हात कोपरात मुडपून धरायची सवय सगळ्यांनाच आहे, पण त्याने आत रक्त झिरपून निळं पडतं. हात सरळ ठेवून दाबा. तरी निळं पडलंच तर आठवडाभरात जातं. पट्टी संध्याकाळी काढली तरी चालते. जागा सुजून गरम झाली, पू दिसला किंवा रक्त थांबतच नसेल, तर मात्र दवाखाना.

निघण्याआधी ट्यूबवर मुलाचं नाव, वय नीट लिहिलंय ना, हे डोळ्यांनी बघा. जुळ्यांच्या आणि सारख्या आडनावांच्या बाबतीत तर नक्कीच. जांभळ्या टोपणाची ट्यूब सीबीसीची. तिच्यात रक्त पडताच ती हलकेच उलटसुलट करावी लागते, नाहीतर गुठळी होऊन पुन्हा टोचायची पाळी येते. निळ्या टोपणाची असेल तर रेघेपर्यंत भरावीच लागते. तिथे ‘कमी घ्या ना’ चालत नाही, आणि आम्ही ऐकलं नाही तर आम्हाला दुष्ट समजू नका.

मग मुलाचं कौतुक. ‘शूर आहेस, रडला नाहीस’ असं नको. रडलेल्या मुलाला याचा अर्थ कळतो. ‘हात कसला स्थिर ठेवलास!’ असं म्हणा, जे त्याने खरोखर केलं ते. खाऊ द्या, पण आधीपासून आमिष दाखवून सौदा करू नका. ‘हात दिलास तर गाडी’ असं एकदा झालं की पुढच्या वेळी भाव वाढतो. घरी गेल्यावर त्याला आज्जीला सगळं सांगू द्या, पट्टी दाखवू द्या. आज्जीने ‘अरे देवा, माझ्या सोन्याला टोचलं’ असं सुरू केलं, तर तिला हळूच बाजूला घ्या.

डेंग्यूत पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, परत बघाव्या लागू शकतात. दुसऱ्या दिवशी लगेच पुन्हा यायचं असेल तर मुलाला तसं सांगा. ‘आता कधीच नाही’ असं कबूल करून बसू नका.

रिपोर्ट वाचताना

रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत किंवा तारा लावून आलेला प्रत्येक आकडा धोक्याचा नसतो. बऱ्याचदा बाजूला छापलेली मर्यादा मोठ्यांची असते. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढत्या हाडांच्या मुलांत मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं. त्यावरून लिव्हर बिघडलं असं नाही. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशींचं प्रमाण जास्त असणं नेहमीचं. हिमोग्लोबिन मात्र मनावर घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ते ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशात या वयाच्या दर तीन मुलांत दोघांना तो आढळला.

प्लेटलेट्सचा आकडा एकदम फार कमी आला आणि मूल मात्र समोर खेळतंय, असं झालं तर लॅबला विचारा, ‘स्मिअर पाहिला का?’ ट्यूबमध्ये प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या की मशीन त्या कमी मोजतं. काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की खरं काय ते कळतं, आणि काही वेळा दुसरी सुई वाचते. पण मूल सुस्त पडलं असेल, पोट दुखत असेल, सारखी उलटी होत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा नाकातून–हिरड्यांतून रक्त येत असेल, तर आकड्याची वाट न बघता तडक डॉक्टरांकडे न्या, रिपोर्ट मागाहून पोचेल.